मयताच्या पगारातली कपात

१

दगडू राऊळ श्रावणात वारला आणि फेब्रुवारीत त्याचा पगार झाला.

जगन राऊळनं पगाराची ती चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली, तेव्हा मी आधी चिठ्ठीकडे नाही, त्याच्याकडे बघितलं. ठाकूरद्वारच्या या कचेरीत कामगारांचे दावे लढवताना मला एक खोड लागली आहे. कागद आणणाऱ्याचा चेहरा मी कागदाच्या आधी वाचते. माझ्या सासूबाई म्हणतात, बकुळा देवाच्या प्रसादातही खडा शोधते. शोधते खरी, आणि पुष्कळदा सापडतोही.

जगनचा चेहरा जागरणाचा होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

"वकीलबाई, हा माझा मोठा भाऊ," तो म्हणाला. "दगडू सखाराम राऊळ. रत्नदीप मिल, साळखातं. मागावरचा एक नंबरचा माणूस. गेल्या श्रावणात काविळीनं गेला, मी सोता खांदा दिलाय. आणि ही बघा, गेल्या महिन्याची त्याची पगाराची चिठ्ठी."

मार्च १९८३. संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. काही गिरण्यांनी दारं अर्धवट उघडली होती आणि पोलिसांच्या पहाऱ्यात, बंद ट्रकांतून माणसं आत नेली जात होती. अशा माणसाला लालबागमध्ये 'फुटला' म्हणत, आणि फुटलेल्याच्या घरचं पाणीही कोणी पीत नसे.

"कुठे सापडली ही?"

"आमच्या चाळीत. गॅलरीत, वयनीच्या दाराभायेर. मदतीचं धान्य वाटलं त्या सकाळी. शेजारच्या रखमानं उचलली आणि सगळ्या चाळीला वाचून दाखवली. आता सगळे म्हणतात, वयनीनं भावाचा बिल्ला कुठल्यातरी फुटलेल्याला विकला. त्या बिल्ल्यावर तो आत जातो, आणि वयनीला त्यातला हिस्सा मिळतो."

बिल्ला म्हणजे गिरणीचा पितळी बिल्ला, कामगाराचा नंबर कोरलेला. तो दाखवल्याशिवाय जुन्या माणसाला गेटच्या आत पाऊल टाकता येत नसे.

"मग बिल्ला दाखवा म्हणावं त्यांना. घरातच असेल ना?"

जगननं मान खाली घातली. "नाय ना घरात. वयनी बोलतच नाय कुठं गेला ते."

सुभद्रा राऊळ खाणावळ चालवत होती. गावाला न गेलेले काही गिरणीवाले आणि गोदीतले दोन-चार जण तिच्याकडे जेवत. चिठ्ठी सापडल्यापासून एकही पान उठलं नव्हतं. रविवारी चाळीची सभा होती आणि तीत राऊळांचं बिऱ्हाड वाळीत टाकायचं ठरणार होतं. तसं झालं असतं तर सुभद्रानं दोन मुलींना कशावर जगवायचं, हा प्रश्न त्या सभेत कोणी विचारणार नव्हतं.

मी चिठ्ठी उलगडली. घडीत कोंड्याचे कण अडकले होते. नाव दगडूचं, पत्ता त्याच्याच खोलीचा. कपातीच्या रकान्यात भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा, व्यवसाय कर. प्राप्तिकराचा रकाना रिकामा, तो गिरणगावात रिकामाच असायचा. पुढे 'कापड बिघाड'. आणि त्याच्याखाली आणखी एक कपात होती, तिच्यावर माझं बोट थांबलं.

"जगन, तुझ्या भावाच्या संपाआधीच्या चिठ्ठ्या घरी आहेत का?"

"वयनीनं तारेला टोचून ठेवल्यात."

"चल मग," मी पर्स उचलली. "ही चिठ्ठी खोटं बोलत नाहीये. पण चाळीला जे वाटतंय, तेही ती बोलत नाहीये."

२

लालबागला मोरबाच्या चाळीत शिरले तशी गॅलरीतली कुजबुज थांबली. दारादारांतून डोळे माझ्या पाठीला चिकटले. मी संशयी बाई आहे, पण त्या दिवशी त्या चाळीपुढे मी अगदीच भोळी ठरले असते. जो तो दुसऱ्याच्या चपलांकडे बघत होता, नव्या दिसतात का म्हणून. कोणाच्या चुलीवर कांदा परतल्याचा वास आला तरी तो वास कशातून आला, याची चर्चा होत होती.

सुभद्रा चाळिशीची, काटक. मला पाट दिला, पाणी दिलं, आणि समोर भिंतीला टेकून बसली. मी तारेवरच्या चिठ्ठ्या काढायला लागले तोवर दारात एक ठसठशीत बाई उभी राहिली. रखमा हीच, हे न सांगताही कळलं.

"वकीलबाई, तुमी शिकलेल्या, तुमीच वाचा," ती म्हणाली. "माझा पोरगा सातवी शिकलाय. त्यानं वाचलं. पेन्शन लिवलंय त्याच्यावर. फॅमिली पेन्शन! म्हणजे फॅमिलीला पेन्शन चालू झालंय ना? आमच्या पोरांना पेज मिळंना आणि हिला पेन्शन!"

"मला वाचता येत नाय गं रखमा," सुभद्रा हळूच म्हणाली. "आलं असतं तर तुला पयलं सांगितलं असतं."

"रखमाबाई, बसा," मी म्हटलं. "चिठ्ठीला दोन बाजू असतात. इकडं मिळालेलं, तिकडं कापलेलं. पेन्शन हा शब्द कापलेल्याच्या बाजूला आहे. म्हणजे कोणाला काही मिळालेलं नाही. जो कोणी आत राबतोय, त्याच्या फंडातला छोटा हिस्सा या नावानं वेगळा काढलाय. कामगार नोकरीत असताना मेला, तर त्याच्या बायकोला पुढे पेन्शन मिळावी म्हणून."

रखमा बसली नाही, पण तिचा आवाज एक पायरी उतरला. "म्हणजे कापलंय?"

"कापलंय."

आता मी तारेवरच्या चिठ्ठ्या एकेक करून बघितल्या. फंड होता, विमा होता, व्यवसाय कर होता, पतपेढीचा हप्ताही होता. फॅमिली पेन्शन एकाही चिठ्ठीत नव्हती.

"सुभद्राबाई, दगडूरावांच्या पगारातून ही कपात कधीच होत नव्हती. असं का?"

ती एकदम हसली, आणि लगेच तिचे डोळे भरले. "मीच नको म्हटलं. एकाहत्तर साली मुकादम विचारत फिरत हुता, कोणाकोणाला पायजे म्हणून. ह्यांनी घरी येऊन सांगितलं, मी मेलो तर तुला पैसे मिळतील. मी म्हटलं, माझ्या कुंकवाची किंमत आतापासून लावून घेऊ नका. साळखात्यातल्या सगळ्या बायकांनी तसंच सांगितलं. पोटातलं पोर मोजू नये तसं ते."

"मीपण सांगितलं," रखमा दारातूनच पुटपुटली. "आमच्यांनीपण नाय घेतली."

पुरुषांनी बायकांचं ऐकलं होतं. जुन्या कामगारांना तेव्हा हो-नाही म्हणायची मुभा होती आणि गिरणगावानं मरणाचे पैसे नको म्हणून नाही म्हटलं होतं. शहाणपणाच्या हिशेबात ती चूक होती, पण मला त्या चुकीचा राग आला नाही.

रखमा गेल्यावर मी दार लोटून घेतलं. "आता बिल्ला. मला खरं सांगा, नाहीतर मी जाते."

तिनं लोटलेल्या दाराकडे बघितलं. मग पदरानं तोंड झाकून म्हणाली, "मोडीत घातला. तेराव्याला तांदूळ नव्हता घरात. लोक जेवायला येणार. नवऱ्याचा बिल्ला विकून नवऱ्याचं तेरावं घातलं, हे कोणत्या तोंडानं सांगू चाळीला?"

मला तिच्या हातावर हात ठेवावासा वाटला, आणि मी ठेवलाही. पण सभेत हे सांगून कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. तेवढ्यात दाराबाहेर पावलं वाजली आणि रखमाचा आवाज फटीतून आत आला.

"वकीलबाई, जाताना एवढं विचारा तिच्या दिराला. रोज रातचा जातो कुठं?"

३

जगनला मी जिन्यातच गाठलं. रात्री गिरणीच्या गेटसमोर संपवाल्यांचा पहारा असतो, तिथं असतो, असं त्यानं सांगितलं. ते खरं असू शकत होतं. पण रोज गेटसमोर असणाऱ्याला गेटच्या आत शिरणंही सोपं. घर त्याचं, भाऊ त्याचा, नावही हाताशी. मी त्याचं नाव मनातल्या यादीत सगळ्यांत वर ठेवलं आणि त्याला सांगितलंही.

"लिवा," तो चिडून म्हणाला. "माझ्यावर संशय घ्या, पण वयनीला सोडवा."

यादीत दुसरं नाव होतं उत्तम म्हात्रे, रत्नदीप मिलचा टाइमकीपर. हजेरी मांडणाऱ्यानं मेलेल्या माणसाच्या नावानं हजेरी लावायची आणि पगार खिशात घालायचा, हा उद्योग मी आधी पाहिलेला होता. उत्तम वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा. गेले तेव्हा तो गॅलरीत सुकट निवडत बसला होता. मला बघून त्यानं सूप बाजूला सारलं.

"कोण आत येतं ते मी सांगणार नाय, बाई. एकाचं नाव भायेर गेलं तर त्याच्या बायकापोरांचं काय होतं ते तुमाला ठाऊक आहे. माझंपण डोकं फुटेल."

"नाव मला नकोच. ही चिठ्ठी तुमच्या हातची ना?"

त्यानं ती बघितली. "माझीच."

"दगडू राऊळ श्रावणात वारलाय."

उत्तमनं चिठ्ठीवरचं नाव पुन्हा वाचलं. इतकी वर्षं माणसं घाबरताना बघितली आहेत. हा मुद्देमालासकट पकडलेल्याचा चेहरा नव्हता. "काय सांगता! आमाला कोणी कळवलंच नाय."

तेही खरं होतं. संपात गिरणीच्या कचेरीची पायरी कोणी चढत नव्हतं. मरणाची बातमी द्यायला जाणंसुद्धा फुटल्यात जमा झालं असतं. म्हणून दगडू गिरणीच्या लेखी जिवंत राहिला होता.

"मग तुम्हाला जुना दगडू ओळखू आला नाही?"

"जुनी दप्तरं साहेबांनी कुलपात टाकलीत, बाई. जुना बिल्ला दाखवील त्याच्यापुरतंच पान काढायचं म्हणाले. बाकी आत येईल तो नवा. नवा फंड नंबर, नवा बिल्ला. चेहरा कोण बघतो? तोंडाला फडकं बांधून येतात. रेशनकार्डावर नाव आहे का, तेवढं बघायचं आणि लिवायचं."

"आणि हा कापड बिघाड?"

तो नकळत हसला. "बरेच ताके फुकट घालवले सुरवातीला, त्याचा दंड अजून कापतोय. मागावर हात बसलेला नव्हता."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. मी उठले. उत्तमनं खोटा माणूस उभा केला असता, तर त्या खोट्या माणसाला दंड कशाला लावला असता? स्वतःच्या खिशात जाणारे पैसे कोणी स्वतःच कापत नाही. आणि जगन तर भावाच्या हाताखाली माग शिकलेला, त्यानं ताके बिघडवले नसते. म्हणजे मागाची सवय नसलेला एक खराखुरा माणूस दगडूच्या नावानं राबत होता, आणि माझ्या यादीतली दोन्ही नावं एकाच दुपारी खोडली गेली होती.

मी तशीच लालबागला परतले आणि सुभद्राला विचारलं, "तुमचं रेशनकार्ड दाखवा."

"घरात नाय," ती म्हणाली. "चाळीत कोणाच्याच घरात नाय."

४

संपाच्या पहिल्या महिन्यांतच चाळीनं मदत समिती केली होती. सगळ्या बिऱ्हाडांची रेशनकार्डं समितीच्या ट्रंकेत ठेवलेली. कार्डावर जितकी माणसं, तितकं धान्य. कार्ड पुन्हा पुन्हा मागायला नको, भांडण नको.

"कार्डावर दगडूरावांचं नाव अजून आहे?"

सुभद्रा ओशाळली. "साखर नि रॉकेल कमी होतं ना नाव काढलं की. कोणच काढत नाय मेलेल्याचं नाव. समितीच्या नानांनाच विचारा, तेच म्हणाले, राहूदे."

नाना घाडी म्हणजे समितीचे प्रमुख. रत्नदीपच्या रंगखात्यात आयुष्य गेलेलं, संपाचे कट्टर. ट्रंकेची किल्ली त्यांच्या जानव्याला. सकाळ-संध्याकाळ चाळीतल्या प्रत्येक दारात जाऊन विचारायचे, चूल पेटली का? माणूस मला आवडावा असाच होता, म्हणूनच मी सावध झाले.

ते तळमजल्यावरच्या खोलीत एकटेच बसले होते. बोटांची पेरं सोललेली दिसत होती.

"या, वकीलबाई. सुभद्राचं बघताय ते बरं करताय. पोर वाईट नाही. मी सभेत सांगणार आहे, सबुरीनं घ्या म्हणून."

"चिठ्ठी कशी सापडली, नाना?"

"रखमानं उचलली. मी धान्य मापत होतो तिकडेच."

"आणि धान्य येतं कुठून? मला कळलं, बाहेरची मदत केव्हाच आटली."

"माटुंग्याचे व्यापारी देतात. धर्मादाय. मी संध्याकाळी जातो, विनवण्या करतो, सकाळी परत येतो. भिकेची लाज नाही वाटत मला, चाळीसाठी आहे."

मी त्यांचं कौतुक केलं आणि बाहेर पडले. चौक ओलांडताना एक गोष्ट मला टोचत राहिली. चाळीत ज्याला-त्याला एकच प्रश्न पडला होता: कोण आहे तो? रखमानं विचारलं, जगननं विचारलं, पायरीवर खेळणारी पोरं एकमेकांना विचारत होती. नानांनी तो प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

माटुंग्याच्या बाजारात दुसऱ्या दिवशी मी तांदळाच्या चार दुकानांत चौकशी केली. शेवटच्या दुकानात मी नानांचं नाव काढताच वेलजीभाईंनी मान डोलावली.

"लालबागवाले नाना? हां हां, आपले गिऱ्हाईक आहेत. महिन्याला गोणी नेतात."

"धर्मादाय देता ना तुम्ही?"

"धर्मादाय?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "संप लागला तेव्हा दोन वेळा दिलं. आता किती देणार, बेन? नाना रोकडा देतात. पगार झाला की पहिल्यांदा इथंच येतात."

वेलजीभाई पुढे तांदळाच्या भावावर बोलत राहिले. मला ऐकू येत नव्हतं. खरं सांगते, मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

५

रविवारी चाळीच्या चौकात सतरंज्या अंथरल्या. पुरुष खाली, बायका गॅलरीच्या कठड्याला. सुभद्रा दोन्ही मुलींना घेऊन जिन्याशी उभी होती, तिच्या आजूबाजूला कोणी नव्हतं. नाना मध्ये खुर्चीवर.

"वकीलबाईंना बोलूदे आधी," ते म्हणाले.

मी चिठ्ठी वर धरली. "तुमचं म्हणणं, सुभद्राबाईंनी बिल्ला विकला. आता ही कपात बघा. दगडूराव जुने कामगार. एकाहत्तर साली त्यांनी फॅमिली पेन्शन नाकारली, तुमच्यातल्या पुष्कळांनी नाकारली. जुना बिल्ला दाखवून कोणी आत गेला असता, तर जुना नंबर आणि जुना नकारही त्याच्याबरोबर गेला असता. ही कपात झालीच नसती. पण नव्या माणसाला कोणी विचारत नाही, त्याची ती होतेच. इथं ती झालीय. म्हणजे हा माणूस नवा म्हणून लागलाय. त्यानं बिल्ला दाखवलेलाच नाही."

कठड्यावरून रखमा ओरडली, "मग बिल्ला गेला कुठं?"

मी सुभद्राकडे बघितलं. तिनं मान वर केली. "तेराव्याच्या तांदळासाठी मोडीत घातला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

तेराव्याला जेवून गेलेले बरेच जण तिथं बसले होते.

"नव्या माणसाला गेटवर एकच गोष्ट लागते," मी पुढे म्हटलं. "रेशनकार्ड. दगडूराव गेले, पण कार्डावर नाव राहिलं. ते कार्ड सुभद्राबाईंकडे नव्हतं. या माणसाला मागाची सवय नाही, त्यानं कापड बिघडवलं. त्याची चिठ्ठी धान्य मापताना खिशातून पडली, घडीत कोंडा आहे. आणि माटुंग्यात—"

"बास, बाई," नाना म्हणाले. ते उभे राहिले होते. "पुढचं माझं मी सांगतो."

जानव्याची किल्ली काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली.

"डिसेंबरात मदत थांबली. दोन खोल्यांमधली माणसं आत जायची भाषा करायला लागली. मी म्हटलं, एक माणूस आत गेला तर पन्नास बाहेर टिकतील. म्हातारा आहे, मीच जातो. जो पगार मिळाला त्याचा तांदूळ आणला. एक दाणा माझा ठेवला नाही."

"म्हणजे आमी तीन महिने फुटीचं खाल्लं?" रखमाचा आवाज चिरकला. काहींनी हळूच घराकडे, डब्यांकडे बघितलं.

सुभद्रा पुढे आली. "तांदळाचं मी काय बोलत नाय, नाना. माझ्या पोरींनीपण खाल्लाय. पण तुमाला सोताचं नाव हुतं ना? ते का नाय दिलंत?"

"माझं नाव फुटलं असतं तर चाळ फुटली असती, सुभद्रा."

"आणि ह्यांचं फुटलं तर?"

"तो गेला होता गं. मला वाटलं, गेलेल्याला काय लागतंय."

"माका लागता!" ती एकदम घरच्या भाषेत ओरडली. "ते उपाशी मेले, पण आत नाय गेले. मरताना इचारत होते, कोण फुटलो काय रे? आणि तुमी त्यांकाच फोडलात. आणि माझ्या दाराक कोण पाणी पिईना, ता बघत बसलात!"

नानांचा मोठेपणा मला खरा वाटत होता आणि त्यांचा राग येत होता, दोन्ही एकदमच. चाळीसाठी रक्त ओकणाऱ्या माणसानं एका बाईला मुकाट्यानं बळी जाऊ दिलं होतं.

"मी भरपाई करीन," ते म्हणाले. "बाई, तुम्हीच सांगा. दगडू गिरणीच्या लेखी नोकरीत आहे. पेन्शन कापली जातेय. आत काम करताना गेला असं दाखवलं तर सुभद्राला जन्मभर पेन्शन मिळेल ना? मरणाच्या दाखल्यावरची तारीख तेवढी फिरवायची. ते मी बघतो."

सगळी चाळ माझ्याकडे बघायला लागली. मी वकील आहे, मला ताडकन नाही म्हणायला हवं होतं. पण त्या दोन मुलींच्या हाडकुळ्या मनगटांकडे माझं लक्ष गेलं, आणि मी म्हटलं, "पकडलं गेलं नाही तर मिळेल."

सगळ्यांत आधी रखमाच बोलली. "घे गं सुभद्रा. आमी कोण तोंड उघडणार नाय."

सुभद्रानं थोरलीच्या केसांवरून हात फिरवला. तिला ते पैसे हवे होते, हे तिच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं. मग ती शांतपणे म्हणाली, "त्या वक्ताला मी नको म्हटलं, कारण ह्यांच्या मरणाचे पैसे नको हुते. आता घ्यायचे तर ह्यांना फुटलेला म्हणून मरायला लागेल. पोरी मोठ्या होऊन इचारतील, बाबा आत जाऊन मेले काय? नको. उद्या सकाळी माझ्यासंगती गेटवर चला, नाना."

६

सोमवारी गेटसमोर संपवाल्यांचा पहारा होता. गेटकडे चाललेली बाई बघून त्यांनी आधी आरोळी ठोकली. जगन त्यांच्यातच होता, त्यानं काहीतरी सांगितलं, आणि त्यांनी वाट दिली. सुभद्रा पुढे, मागे नाना, त्यांच्यामागे मी. रखमाही आली होती, तिला कोणी बोलावलं नव्हतं.

उत्तम म्हात्रे खिडकीशी आला. नानांचं उघडं तोंड बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"दगडू सखाराम राऊळ," सुभद्रा म्हणाली. "साळखातं. त्यांचं नाव काढा. ते श्रावणात वारले."

"पण हजेरी शनिवारपर्यंत..."

"ती माझी," नाना म्हणाले. "नाना घाडी, रंगखातं. पाहिजे तर पोलिसांना बोलाव." पहाऱ्यावरच्या माणसांना ते ऐकू गेलं. एक जण थुंकला. नाना हलले नाहीत.

उत्तमनं माझ्याकडे बघितलं. मी मरणाचा दाखला पुढे केला, तारखेसकट. त्यानं जुन्या दप्तराचं कुलूप उघडवून घेतलं, पान काढलं आणि पेन उचललं. माणूस भला होता, त्यानं आवाज खाली केला.

"वहिनी, शेरा काय लिवू? कामावर असताना वारले, असं लिवलं तर पुढंमागं काय मिळालं तर मिळेल."

"नाय," सुभद्रा म्हणाली. "संपावर असताना वारले. तसंच लिवा."

त्यानं लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिला ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि तिनं सांगितलं म्हणून पुन्हा एकदा.